मृत्यू झालेला नसतानाचं दुःख: ते ओळखावं कसं आणि रोज पेलावं कसं

घटस्फोट झाला. नोकरी गेली. वर्षानुवर्षं उभा केलेला धंदा बंद करावा लागला. मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई समोर बसलेली असूनही ओळखेनाशी झाली, किंवा जिवाभावाच्या मैत्रिणीने बोलणंच टाकलं. यांपैकी कुठेही कोणी दगावलेलं नसतं. तरीही झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही आणि भलत्याच वेळी डोळे भरून येतात. हा शोकच आहे. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली: दुःख खरं असतं, पण ते करण्याचा हक्क भोवतालचे लोक मान्य करत नाहीत. ‘त्यात काय एवढं’, ‘दुसरी मिळेल’, ‘निदान जीव तरी वाचला’ ही वाक्यं नेमकी तिथूनच येतात.

मृत्यूनंतर काही गोष्टी आपोआप मिळतात. रजा मिळते, माणसं भेटायला येतात, एक तारीख असते, निरोप देण्याची ठरलेली रीत असते आणि तुम्ही का रडताय असं कोणी विचारत नाही. इतर नुकसानांत यातलं काहीही आयतं मिळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे: जे आयतं मिळालं नाही, ते स्वतः उभं करायचं. नाव, साक्षीदार, वेळ आणि निरोप या चार गोष्टी हाताने जमवाव्या लागतात.

एक गैरसमज आधीच दूर करू. नकार, राग, सौदेबाजी, निराशा, स्वीकार हे ‘शोकाचे पाच टप्पे’ सगळ्यांनी ऐकलेले असतात. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते असाध्य आजाराच्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून, म्हणजे स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाणाऱ्या माणसांबद्दल. तुमची नोकरी गेल्यावर राग आलाच नाही किंवा ‘स्वीकार’ होऊन पुन्हा रडू कोसळलं, तर काही बिघडलेलं नाही. हा शोक लाटांनी येतो. सुरुवातीला लाटा जवळजवळ येतात, मग त्यांच्यातलं अंतर वाढतं. अंतर वाढलं तरी एखादी लाट पहिल्याइतकीच जोराची असू शकते.

पायरी १: आधी शरीर

पहिले दोन-तीन आठवडे मनाच्या खोलात शिरायची घाई करू नका. या काळात फक्त खालची जमीन टिकवायची आहे.

सकाळी उठण्याची वेळ पक्की करा. रात्री झोप कितीही उशिरा लागली तरी उठायचं त्याच वेळी. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते, आणि झोपेचं चक्र तिच्यावरूनच हळूहळू सावरतं. अंथरुणात पडून वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठा, दुसरीकडे मंद उजेडात बसून काहीतरी निरस वाचा आणि डोळे जड झाले की परत या. तळमळत पडून राहिलं की अंथरूण आणि विचारचक्र यांची मेंदूत सांगड बसते. मग शोक ओसरल्यावरही निद्रानाश मागे उरतो. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

भूक लागण्याची वाट पाहू नका, घड्याळाकडे पाहून खा. भरलेलं ताट नकोसं वाटत असेल तर दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. दिवसाच्या उजेडात अर्धा तास चाला. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करा.

घर विकणं, शहर सोडणं, नवं नातं जोडणं असे टाळता येण्यासारखे निर्णय काही महिने पुढे ढकला. जे टळत नाहीत, म्हणजे न्यायालयाची तारीख, विम्याचे कागद, नोकरी सोडतानाचा हिशेब, त्यांच्यासाठी एक नियम ठेवा. प्रत्येक कागद दोघांनी वाचायचा आणि वाचल्या दिवशी सही करायची नाही, मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. शोकात लक्ष आणि स्मरण दोन्ही कमी पडतात. ओळ वाचली जाते पण डोक्यात उतरत नाही, आणि या काळात झालेली आर्थिक चूक पुढे वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

फोनबद्दल थोडं कडक व्हावं लागेल. नातं तुटलं असेल तर त्या व्यक्तीचं प्रोफाइल पाहणं, जुने मेसेज वर-वर सरकवत वाचणं, ‘शेवटचं कधी ऑनलाइन होते’ हे तपासणं यांतून दर वेळी जखम नव्याने उघडते. नोकरी गेली असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर रेंगाळणंही तेच करतं. ग्रुप सोडा किंवा म्यूट करा, चॅट अर्काइव्ह करा, आणि खरोखर कळायलाच हवी अशी बातमी सांगण्याचं काम एका विश्वासू माणसाकडे द्या. मुलांमुळे संपर्क तोडता येत नसेल तर एकच मार्ग ठेवा, समजा फक्त ईमेल. विषय फक्त मुलांचा. आणि तो दिवसातून ठरलेल्या एक-दोन वेळांनाच उघडायचा.

पायरी २: नेमकं काय गेलं, त्याची यादी

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. ‘माझं सगळं गेलं’ या वाक्याला हाताळता येत नाही. त्याचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचं काय करायचं ते दिसायला लागतं.

कागद आणि पेन घ्या, फोन दूर ठेवा, चाळीस मिनिटं राखून ठेवा. वर मुख्य नुकसान लिहा. खाली त्याच्यासोबत काय काय गेलं ते या क्रमाने: रोजच्या दिवसातल्या गोष्टी, माणसं, पैसा, शरीराच्या सवयी, स्वतःची ओळख, पुढे होणार होतं ते, आणि शेवटी आपण काय गृहीत धरून चाललो होतो. हा शेवटचा रकाना गाळू नका. कॉलिन मरे पार्क्स यांनी १९७१ मध्ये ‘गृहीत धरलेल्या जगा’ची कल्पना मांडली. ‘प्रामाणिकपणे काम केलं की नोकरी टिकते’, ‘लग्न म्हणजे कायमचं’, ‘माझं शरीर माझं ऐकतं’ अशा गृहीतकांवर आपला दिवस उभा असतो. नुकसानात ती ढासळली की सुरक्षित ठिकाणीही असुरक्षित वाटायला लागतं, आणि कारण ठाऊक नसेल तर माणूस स्वतःलाच कमकुवत ठरवतो.

एक उदाहरण जवळून पाहू. व्हायोलिन वाजवणारी एक बाई आहे. मनगटाजवळच्या मज्जातंतूला इजा झाली आणि आता डाव्या हाताची बोटं तारेवर पुरेशी दाबत नाहीत. लोकांच्या दृष्टीने तिचा ‘छंद सुटला’. तिची यादी अशी होते: संध्याकाळी सहाचा रियाज. शिकायला येणारी मुलं आणि त्यांच्या आयांशी दारात होणारं बोलणं. क्लासचं उत्पन्न. कार्यक्रमाच्या आधी पोटात येणारा गोळा. बोटांच्या टोकांवरचे घट्टे, जे दोन महिन्यांत मऊ पडले आणि एक दिवस चेहरा धुताना ते जाणवलं. ‘ती व्हायोलिनवाली’ ही ओळख. पन्नाशीनंतर फक्त संथ, मोठ्या रचना वाजवायच्या हा बेत. आणि गृहीतक: मेहनत केली की हात साथ देतो.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा. ‘ग’ म्हणजे गेलंच, परत येणार नाही. ‘अ’ म्हणजे अर्धवट आहे, काही उरलंय. ‘ब’ म्हणजे बदललेल्या रूपात मिळू शकतं. वाजवणं आणि घट्टे ‘ग’. ओळख ‘अ’. मुलांना शिकवणं, उत्पन्न आणि संध्याकाळी सहाची वेळ ‘ब’. ‘ग’च्या ओळींना निरोप द्यायचा आहे (पायरी ५), ‘अ’च्या ओळींसोबत जगायला शिकायचं आहे (पायरी ६), ‘ब’च्या ओळींवर नंतर काम करायचं आहे (पायरी ८). ‘ग’च्या ओळीला ‘ब’ समजून तिच्यामागे वर्ष घालवणं आणि ‘ब’च्या ओळीला ‘ग’ समजून हात टेकणं, दोन्ही महागात पडतं. खूण ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवा आणि महिन्याने पुन्हा पाहा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, यादीची तक्रारपत्रिका होते: कोणी काय केलं, कोण कसं वागलं. त्यासाठी वेगळं पान घ्या. राग लिहावा जरूर, पण या पानावर फक्त ‘काय गेलं’. दुसरी, शब्द फार मोठे होतात: आनंद, विश्वास, आयुष्य. असा शब्द लिहिला गेला की स्वतःला विचारा, ‘हे मला दिवसातल्या कोणत्या वेळी, कुठे जाणवतं?’ ‘आधार गेला’ याचं मग ‘रात्री दाराला कडी लावली का, हे विचारणारं कोणी नाही’ असं होतं. त्या वाक्याला धरून काहीतरी करता येतं.

यादीत सुटकेची भावनाही सापडू शकते. त्रासाचं लग्न संपलं, छळणारा वरिष्ठ सुटला, दीर्घ सेवेतून मोकळीक मिळाली. सुटका वाटली म्हणून दुःख खोटं होत नाही आणि दुःख वाटतं म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. दोन्ही लिहा.

पायरी ३: साक्षीदार

यादीवरून एक वाक्य बनवा: ‘मी अमुक गमावलंय, आणि त्यासोबत तमुकही गेलंय.’ हे वाक्य मोठ्याने, एका जिवंत माणसासमोर म्हणायचं आहे. ज्या दुःखाला कोणी साक्षीदार नसतो ते स्वतःलाही खोटं वाटू लागतं.

माणूस निवडताना पाहायचं एवढंच, की समोरच्याला शांत बसता येतं का. सगळ्यात जवळचा माणूस बरेचदा इथे उपयोगी पडत नाही, कारण तुमचं दुःख पाहून तो स्वतः घाबरतो आणि उपाय सुचवायला लागतो. बोलण्याआधी स्पष्ट सांगा: ‘मला सल्ला नकोय. वीस मिनिटं फक्त ऐकशील? मध्ये काही बोललं नाहीस तरी चालेल.’ हे मागायला अवघड वाटतं, पण न मागता मिळतो तो सल्लाच.

नुकसान जोडप्याचं असेल, जसं मूल न होणं, तर जोडीदाराला एकमेव साक्षीदार करू नका. दोघं एकाच गोष्टीसाठी शोक करत असले तरी लय वेगळी असते. एकाला रोज बोलायचं असतं, दुसऱ्याला कामात बुडायचं असतं, आणि मग ‘तुला काही वाटतच नाही’ असा आरोप होतो. आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, आळीपाळीने बोलायचं असं ठरवा. एक बोलत असताना दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. एरवी दोघांनी आपापल्या स्वतंत्र माणसाकडे जावं.

बाकी जगासाठी दोन-तीन उत्तरं तोंडपाठ ठेवा, म्हणजे ऐनवेळी अडखळायला होत नाही. ‘सध्या काय करताय?’ याला ‘नोकरी संपली, थोडं थांबलोय. तुमचं कसं चाललंय?’ ‘त्यात काय एवढं’ याला ‘माझ्यासाठी मोठं आहे’ आणि मग गप्प. ‘गुड न्यूज कधी?’ याला ‘या विषयावर मला बोलायचं नाही’. हसून म्हटलं तरी चालतं, पण कारण देऊ नका. कारण दिलं की चर्चा सुरू होते.

पायरी ४: दुःखाला वेळ, आणि दुःखापासून सुट्टी

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचं एक प्रारूप मांडलं. मूळ मांडणी जोडीदाराच्या मृत्यूबद्दल होती, पण इतर नुकसानांनाही ती चांगली लागू पडते. त्यांचं म्हणणं असं, की शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये झोके घेत असतो: कधी नुकसानाकडे तोंड करून रडणं-आठवणं, कधी त्याकडे पाठ करून बिलं भरणं, नवं शिकणं, हसणं. सावरणं या येण्या-जाण्यातून होतं. सतत रडत राहणं आणि सतत कामात गाडून घेणं, दोन्ही अडकून पडण्याची रूपं आहेत.

याचा रोजचा वापर असा. दिवसातली वीस मिनिटं दुःखासाठी राखून ठेवा, वेळ आणि जागा ठरलेली. झोपण्याआधीचे दोन तास टाळा. त्या वेळात रडा, फोटो पाहा, लिहा, नुसते बसून राहा. गजर झाला की हात गुंतवणारं काम आधीच ठरवून ठेवलेलं हवं: भांडी, झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या. डोक्याने करायचं काम नको, विचार तिथेही घुसतात. दिवसभरात इतर वेळी लाट आली तर ती दाबू नका. दोन शब्द टिपून ठेवा आणि ‘संध्याकाळी बघू’ म्हणा. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटतं. आठवडाभरात मनाला भरवसा बसतो की आपली पाळी येणार आहे, आणि मग कामाच्या वेळी ते थोडं कमी ओढतं.

लिहिण्याची एक ठरीव पद्धत जेम्स पेनबेकर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांतून आली आहे. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटं, त्या घटनेबद्दलच्या सगळ्यात खोल भावना न थांबता लिहायच्या. शुद्धलेखन पाहायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, नंतर फाडलं तरी चालतं. लिहून उठल्यावर लगेच बरं वाटत नाही, तासा-दोन तासांसाठी मन अधिकच जड होतं, हे आधी ठाऊक असलेलं बरं. पण लिहिताना धडधड वाढून आवरेनासं होत असेल तर तिथेच थांबा आणि विषय बदला. घटना अगदी ताजी असताना, पहिल्या काही आठवड्यांत, हा प्रयोग करू नका.

पायरी ५: वस्तू आणि निरोप

तीन खोकी घ्या: ठेवायचं, देऊन टाकायचं, आत्ता ठरवायचं नाही. तिसरं खोकं सगळ्यात मोठं घ्या. ते बंद करून त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख घाला आणि नजरेआड ठेवा. रागाच्या भरात जाळणं, फाडणं, डिलीट करणं टाळा. त्या गठ्ठ्यात करारपत्रं, पगाराच्या पावत्या, वैद्यकीय अहवाल, मुलांचे जन्मदाखले असतात. ते सगळ्यात आधी बाजूला काढून एका फाइलमध्ये घाला. फोटो पुसण्याऐवजी पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याकडे ठेवायला द्या.

‘ग’ खूण केलेल्या ओळींसाठी निरोपाचा एक छोटा प्रसंग ठरवा. त्यात चार गोष्टी हव्यात: तारीख, एखादी वस्तू, बोललेले शब्द, आणि शेवट झाल्याचं दाखवणारी एक कृती. साक्षीदार असेल तर उत्तम. सगळं अर्ध्या तासात आटपावं. बंद होणाऱ्या दुकानाचा मालक शेवटच्या दिवशी हिशेबाच्या वहीत शेवटची ओळ लिहून, खाली सही करून, शटर स्वतः ओढू शकतो. व्हायोलिनवाली बाई वाद्याच्या तारा सैल करून, पेटीत ठेवून, ते एखाद्या शिकणाऱ्या मुलीच्या हातात देऊ शकते. शब्द साधे ठेवा: काय होतं, त्याने काय दिलं, ते आता नाही. क्षमा करण्याची सक्ती नको. ती नंतर येईल किंवा येणार नाही, निरोप तिच्यावाचून अडत नाही.

हे फार लवकर केलं तर नाटकी वाटतं आणि काही उरत नाही. यादी झालेली असावी, निदान एका माणसाशी बोलणं झालेलं असावं, मग करावं. आणि निरोपानंतर दुसऱ्या दिवशी रडू आलं तर तो फसला असं समजू नका. नुकसान कधी झालं याला तारीख नव्हती, ती या प्रसंगाने मिळते. त्याच्याकडून इतकीच अपेक्षा ठेवा.

पायरी ६: जे संपलेलंच नाही

काही नुकसानांना निरोप देताच येत नाही. स्मृतिभ्रंश झालेले वडील, बोलणं टाकलेला मुलगा, व्यसनात हरवलेला भाऊ, दीर्घ आजार. पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम करताना या प्रकाराला धूसर, संदिग्ध नुकसान म्हटलं. त्यात दोन जाती आहेत: माणूस शरीराने नाही पण मनात आहे, किंवा शरीराने समोर आहे पण मनाने नाही. इथे ‘आता हे संपवून पुढे जा’ हा सल्ला क्रूर ठरतो, कारण संपवायला शेवटच नसतो. माणूस गोठल्यासारखा होतो, त्याला ना धड आशा ठेवता येते ना सोडता येते. हा त्याच्या स्वभावातला दोष नसून परिस्थितीच तशी असते.

उपयोगी पडतं ते ‘आणि’ असलेलं वाक्य. ‘बाबा समोर आहेत, आणि माझे बाबा गेलेत.’ ‘मुलगा माझा आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही.’ ‘पण’ घातलं की एक बाजू दुसरीला खोडते. रोजच्या वीस मिनिटांत अशी वाक्यं लिहा.

मग दोन रकाने करा: काय गेलं, काय अजून आहे. वडिलांना नाव आठवत नाही, पण हात धरला की ते हात दाबतात. जुनं गाणं लागलं की ओठ हलतात. भेटीचा कार्यक्रम दुसऱ्या रकान्यातून आखा. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न पूर्ण बंद करा. दर वेळी ती परीक्षा होते, त्यात दोघंही नापास होतात. खोलीत शिरताच स्वतःचं नाव आणि नातं सांगून टाका, आणि लगेच हाताला काहीतरी काम द्या.

बोलणं टाकलेल्या माणसाच्या बाबतीत आशेला सीमा घाला. एक छोटं पत्र किंवा मेसेज: आरोप नाही, खुलासे नाहीत, ‘तुला वाटेल तेव्हा बोलायला मी तयार आहे’ एवढंच. त्यानंतर ठरवलेल्या तारखेपर्यंत, समजा सहा महिने, पुन्हा काही पाठवायचं नाही. त्या तारखेला पुढचं ठरवायचं. दर आठवड्याला दार ठोठावल्याने दोन्ही बाजू थकतात आणि समोरच्याला परतण्याची वाट अवघड होते.

अपंगत्व असलेल्या मुलाच्या पालकांबद्दल सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये ‘दीर्घकालीन दुःख’ ही संज्ञा वापरली. हे दुःख आयुष्यभर अधूनमधून परत येतं, विशेषतः इतर मुलं शाळेत जातात, नोकरीला लागतात, त्यांची लग्नं होतात तेव्हा. ते नैसर्गिक आहे, प्रेम कमी असल्याची खूण मुळीच नाही. अशा पालकांना ‘अजून सावरला नाहीत?’ असं विचारणं चुकीचं आहे.

पायरी ७: अवघड दिवसांचं कॅलेंडर

पुढच्या बारा महिन्यांतले दुखरे दिवस आधीच खुणा करून ठेवा: लग्नाचा वाढदिवस, नोकरीतला शेवटचा दिवस, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, मैत्रिणीचा वाढदिवस. प्रत्येकापुढे तीन ओळी: त्या दिवशी काय करणार, कोणासोबत, आणि एखाद्या समारंभाला जावं लागलं तर बाहेर पडायचा मार्ग. डोहाळजेवणाला किंवा मित्राच्या बढतीच्या पार्टीला पूर्ण वेळ बसायची गरज नाही. स्वतःचं वाहन घेऊन जा, अर्धा तास थांबा आणि निघण्याचं कारण यजमानाला आधीच सांगून ठेवा. दिवसापेक्षा आदले तीन-चार दिवस बहुधा जास्त जड जातात, त्यामुळे मोठी कामं त्या आठवड्यात घेऊ नका.

पायरी ८: एकेक काम भरून काढणं

यादीतल्या ‘ब’च्या ओळी आता काढा. गेलेल्या गोष्टीला बदली शोधायला निघालं की फसगत होते: नवं नातं जुन्याची उणीव भरायला घेतलं जातं, नवी नोकरी पहिल्या दिवसापासून जुनीशी तोलली जाते. त्याऐवजी गेलेली गोष्ट कोणकोणती कामं करत होती ते पाहा. नोकरी पैसा देत होती, दिवसाला आकार देत होती, ‘तुम्हालाच विचारायला आलो’ असं कोणीतरी म्हणत होतं. ही तीन वेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतात.

एका वेळी एकच ओळ घ्या आणि तिच्यासाठी दोन आठवड्यांचा छोटा प्रयोग ठरवा. किती वेळ, कोणत्या दिवशी, कुठे, हे लिहून ठेवा. मन तयार होण्याची वाट पाहिली तर सुरुवातच होत नाही. अशा काळात कृती आधी येते, उत्साह मागून. दोन आठवड्यांनी फक्त एवढंच विचारायचं: हे केल्यावर दिवस थोडा हलका गेला का? नसेल तर दुसरा प्रयोग.

तज्ज्ञांची मदत कधी

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच काळ मन खिन्न राहत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली असेल किंवा स्वतःला नालायक समजणं सुरू असेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. शोकात दुःख लाटांनी येतं आणि मधल्या वेळेत हसू येऊ शकतं. नैराश्यात मधली वेळच उरत नाही, आणि ‘ते गेलं’पेक्षा ‘मीच वाईट’ हा सूर मोठा होतो. रोज दारू लागायला लागणं, घराबाहेर पडणं बंद होणं, मुलांकडे किंवा कामाकडे लक्ष देता न येणं यासाठीही वाट पाहू नका.

मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा: घरचं माणूस, डॉक्टर, तुमच्या देशातली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. घरातल्या गोळ्यांचा साठा, कीटकनाशकं, धोक्याच्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या. असा आवेग बरेचदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो.

तज्ज्ञाकडे जाताना पायरी २ ची यादी सोबत न्या. ‘दीर्घकालीन शोक विकार’ हे निदान आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मध्ये आणि २०२२ च्या डीएसएम-५-टीआर (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मानसिक विकारांची निदानपुस्तिका) मध्ये आहे, पण त्याची व्याख्या मृत्यूनंतरच्या शोकापुरती आहे. त्यामुळे तुमच्या त्रासाला कागदावर ‘समायोजन विकार’ (मोठ्या बदलाशी जुळवून घेताना होणारा त्रास) किंवा ‘नैराश्य’ असं नाव मिळू शकतं. नाव कोणतंही असो, पहिल्या भेटीत एवढं नक्की सांगा: काय गेलं, कधीपासून, झोप किती तास, काम किती जमतं, आणि मरणाचे विचार आहेत की नाहीत. चार-पाच भेटींनंतरही समोरचा माणूस तुमचं नुकसान किरकोळ मानतो असं वाटत असेल तर दुसरा तज्ज्ञ शोधायला हरकत नाही.

शेजारी असलेल्या माणसांसाठी

उपाय सुचवू नका, तुलना करू नका, ‘निदान’ने सुरू होणारं वाक्य गिळून टाका. ‘काही लागलं तर सांग’ म्हटल्यावर कोणी सांगत नाही. त्यापेक्षा ‘गुरुवारी संध्याकाळी येते, कागद एकत्र लावू’ असं ठरलेलं काम घेऊन जा. ज्या गोष्टीचं नाव बाकीचे टाळतात ते तुम्ही घ्या: ‘दुकान बंद झाल्यापासून सकाळ कशी जाते?’ आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोन करा. तोपर्यंत इतरांनी विचारणं थांबवलेलं असतं.